गोठ्यामागचा धोतरा

जगातल्या यच्चयावत रोगांवरचं औषध आपल्या गोठ्यामागेच उगवतं, फक्त बघायला नजर पाहिजे, असं आमच्या मामांचं ठाम मत होतं. धारूरच्या डोंगरकडेला त्यांचं गाव. मी घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्याच घरी राहून, त्यांच्याच म्हशींचं दूध पिऊन. पण माझ्या पदवीचं श्रेय ते परीक्षेच्या दिवसांत मला पाजलेल्या ब्राह्मीच्या रसाला देत. मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. दूध घालायला आलेला माणूस नुसता शिंकला, तरी संध्याकाळी त्याच्या हातात काढा असे. मात्र कुठलंही औषध आधी स्वतः घ्यायचं आणि मगच दुसऱ्याला द्यायचं, हा त्यांचा नेम. त्यामुळे कुणाला जुलाबाचं औषध द्यायचं ठरलं, की त्या दिवशी संस्थेची मीटिंग नसे.

मग दुष्काळ पडला. चारा संपला, म्हशी बाजारात गेल्या. मामांच्या हाताशिवाय न पान्हावणारी चंद्रीही गेली. संस्थेला कुलूप लागलं. मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पण फुफाट्यानं मामीचा दमा उसळला, आणि ते कामाला लागले. सगळ्या रानात हिरवा उरला होता एकटा धोतरा, कारण त्याला जनावरं तोंड लावत नाहीत. दम्याला त्याची वाळकी पानं जाळून धूर ओढायची रीत जुनी. पण मामांचं डोकं दुष्काळी.

"निम्मा धूर हवेतच जातो की बे! काढा केला तर थेंब वाया जायचा न्हाई."

"मामा, धोतरा विष आहे."

"तुज्या कालेजात दुष्काळ पडलाय का कदी?" म्हणत त्यांनी पेला तोंडाला लावला.

तासाभरात तोंड लालभडक, जीभ कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या बुबुळभर पसरलेल्या. मामीकडे बघून म्हणाले, "ताई, दुधाला फॅट लई कमी हाय. पाणी घालत जाऊ नका."

"अवो, मी हाय मी!" मामी ओरडली.

"नाव नको, सॅम्पल दाखवा."

मला हसू आलं आणि तिथंच आटलं. मामा उठून रिकाम्या गोठ्यात गेले, उकिडवे बसले आणि हवेतच धारा काढू लागले. "चंद्रे, सोड माय, सोड..." बोटं थांबेनात. छाती भात्यासारखी उडत होती. शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेताना मामीला स्वतःला धाप लागली होती, तरी तिनं त्यांचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं.

"अजून उशीर झाला असता तर गेले असते," डॉक्टर म्हणाले. "याचा धूरसुद्धा धोक्याचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा भानावर आले. डॉक्टरांनी मामीला दम्याचा फवारा दिला होता. तो बघताच मामांनी हात पुढं केला, "आन, मी बगतो वढून."

"आज आदी मी," मामी म्हणाली आणि फवारा तोंडाला लावला.

मामांनी हात मागं घेतला. मग म्हणाले, "मी काई बरळलो का गं?"

"न्हाई. धारा काढत व्हता."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बाजारातून परतल्यापासून त्यांनी शुद्धीत चंद्रीचं नाव घेतलं नव्हतं.

"चंद्री पान्हावली का?"

"पान्हावली की," मामी म्हणाली, "बादली भरली."