जाऊबाई आणि लोकांची पोटं

माणसाचा चेहरा विसरून त्याचं पोट लक्षात ठेवणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि ती माझी थोरली जाऊ. त्या हिंगोलीतल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर आहेत. लग्नाच्या मांडवात आहेर देता देता नवरदेवाला "पोट साफ होतं ना?" असं त्यांनी विचारलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. नरसीला नामदेवांच्या दर्शनाला गेलो आणि कुणी नमस्कार केला की त्या बराच वेळ गोंधळतात, मग एकदम खुलून मला सांगतात, "अगं, हे पित्ताशयवाले." दवाखान्यातही तीच तऱ्हा. बाकीचे डॉक्टर पडद्यावरचे आकडे बघतात. जाऊबाई आधी पांघरूण सारून पोटावर हात ठेवतात, तोही घासून ऊब आणलेला.

आमच्या शेजारचे बांगडीवाले रहीमचाचा निमोनियाने तिथे दाखल झाले, तेव्हापासून मात्र आम्ही जाऊबाईंना हसणं सोडलं. चाचांचा रक्तदाब पार ढासळला होता, तो औषधांनी कसाबसा सावरला. ताप उतरला. आता सुटलो, असं वाटतंय तोवर पोट दुखायला लागलं. मी त्यांच्या मुलीसाठी डबा घेऊन गेले होते. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "गॅस असेल. पोट तर मऊ आहे."

"मऊ हाय अन् माणूस कळवळून राहिला, हेच बराबर न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. नळीतून दिलेलं दूध पोटात तसंच साचलं होतं, रक्तातलं आम्ल वाढत होतं.

"काहून असं होऊन राहिलं?" मुलीनं विचारलं.

"रक्तदाब पडला की शरीर आधी मेंदू अन् काळीज सांभाळतं, पोटाचं रक्त तोडतं. आतडं उपाशी पडलं असंल. आता थांबायचं न्हाई."

स्कॅनमध्ये तेच निघालं. जाऊबाई स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून त्यांना नांदेडला घेऊन गेल्या. तिथे ऑपरेशन करून आतड्याचा खराब झालेला तुकडा काढला आणि चाचा वाचले. पुढे आम्ही दोघी भेटायला गेलो, तर जाऊबाईंचा हात आपसूक पोटाकडे निघाला. चाचा क्षीण आवाजात म्हणाले, "बेटी, अब तो मेरे पेट का पीछा छोड." सगळा वॉर्ड हसला.

परतताना वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो. जाऊबाईंनी घास उचलला आणि परत ठेवला.

"माझ्या वडलांचं पोटबी असंच मऊ होतं गं. तवा मी शाळंत होते. सगळे गॅस, गॅसच म्हणत बसले."

बाहेर नांदेडची एसटी आली, माणसं चढली, ती निघूनही गेली. त्यांच्या पुढ्यातली खिचडी तशीच निवत होती.