गाडी जाईपर्यंत थांबायचं

झाशीला आमच्या ओरछा गेटच्या घरात वरच्या मजल्यावर एक बंगाली दादा भाड्याने राहत. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, जीव नाटकात. रोज सकाळी, आईची पूजा ऐन रंगात आलेली असताना, ते वर मरत. कधी विष पिऊन, कधी तलवारीने, कधी पुत्रशोकाने, जसं नाटक असेल तसं. आई घंटा वाजवता वाजवता म्हणायची, "मेले एकदाचे. आता ऑफिसला जातील."

दादांचा आवाज पितळी परात जिन्यावरून सोडून द्यावी तसा होता. त्याला कारण त्यांचा नाटकाचा हॉल. रेल्वे कॉलनीतल्या बंगाली क्लबाचा तो हॉल रुळांना अगदी चिकटून. बाहेर इंजिन शंटिंग करत असेल तर त्याच्या वरताण ओरडूनच बोलावं लागे, आणि मोठी गाडी आली की ओरडूनही उपयोग नसे. म्हणून तिथे रीतच पडली होती. गाडी आली की नटांनी आहे तसं थांबायचं. हात वर असेल तर वर, तोंड उघडं असेल तर उघडं. शेवटचा डबा गेला की पुढचं वाक्य. प्रेक्षक तेवढ्यात शेंगा सोलून घेत. कोणी नवखा चुळबुळला तर मागून आवाज येई, "तनक रुको भैया, गाड़ी कढ़ जान दो." नाटक असंच असतं, अशी माझी कॉलेजात जाईपर्यंत समजूत होती.

दादांची इच्छा एकच, सिनेमात बोलायचं. काम एवढंसं का असेना, पण संवाद हवा. एका वर्षी कलकत्त्याचे एक सिनेमा दिग्दर्शक दुर्गापूजेला झाशीत नातेवाइकांकडे यायचे होते. त्यांना अष्टमीच्या नाटकाला आणायचं ठरलं. दादांनी मेलची वेळ बघून राजाचं मरतानाचं भाषण बरोबर दोन गाड्यांच्या मधे बसवलं आणि महिनाभर वर आमच्या डोक्यावर मरत राहिले. आई म्हणाली, "देवा, ह्यांना सिनेमात घे. तिथे जाऊन मरू देत."

अष्टमीला क्लबातली बंगाली मंडळी एक तर स्टेजवर, नाही तर खिचडीच्या कढईपाशी. पाहुण्यांचं चहापाणी बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी त्यांच्या शेजारीच बसले. राजा विष प्यायला. एक हात छातीवर, एक हात आभाळाकडे नेऊन दादा "हे..." एवढंच म्हणाले, आणि उशिरा सुटलेली मेल आली. दादा थांबले. मेल गेली तर पलीकडून मालगाडी, आणि तीही मारुतीच्या शेपटासारखी. खिडकीतून कोळशाची भुकटी येत होती. पापणी हलवायची सोय नव्हती, त्यामुळे दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पाहुणे पुढे सरकून बसले. "बाहर इतना शोर, और ये आदमी हिल नहीं रहा," ते माझ्या कानात ओरडले. "क्या साधना है!"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दादांचं नशीब हातचं जाईल असं वाटलं आणि मी ओरडले, "ये तो हमेशा ऐसे ही करते हैं." त्यात खोटं तरी काय होतं? मालगाडी संपायच्या आतच पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पडदेवाल्याला वाटलं, संपलं. त्याने पडदा टाकला. भाषण राहिलंच.

दादा कलकत्त्याला गेले आणि तीसेक वर्षं सिनेमात चालले. मुका नोकर, अर्धांगवायू झालेला बाप, समाधीतला साधू. एका सिनेमात तर ते नुसते भिंतीवरचा हार घातलेला फोटो होते. तिथल्या रंगभूमीवरही लोक म्हणे त्यांचं थांबणं बघायला येत. क्लबात त्यांचा सिनेमा लागला की आई अंधारात कळवळून म्हणायची, "बोला हो दादा, एकदा तरी बोला!" मी मान खाली घालून बसायची. माझ्यामुळे ह्या माणसाचा आवाज गेला, हे मला मनापासून खात असे.

म्हातारपणी दादा पूजेला झाशीत आले, आमच्याकडे जेवले. पुरणपोळीवर तूप वाढताना मी सगळं कबूल करून टाकलं. ते हसायला लागले.

"अरे पगली, पहले ही दिन डायलॉग मिला था. मैंने बोला, तो रिकॉर्डिंगवाला कान पकड़के बाहर भागा. धीरे बोलना मुझसे हुआ ही नहीं. तब डायरेक्टर बोले, तुम बस रुका करो."

मी तुपाची वाटी आपटली. "इतकी वर्षं मला घोर, आणि तुम्हाला एक पोस्टकार्ड टाकवलं नाही?"

दादांनी पोळीचा तुकडा तसाच धरला. "सच बताना," ते म्हणाले, "इतनी खराब थी मेरी आवाज़?"

"दादा, आमच्या हॉलात शेवटच्या रांगेपर्यंत तुमचाच आवाज पोचायचा. तुम्ही गेल्यावर मला तिथलं एक नाटक धड ऐकू आलं नाही."

"फिर से बोलो!" दादा इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडली. मीही मग त्यांच्याइतक्याच मोठ्याने परत सांगितलं.