पेपरानं पाडलेली कुस्ती

शिवांजली टीव्हीसमोर गप्प बसते, ही गोष्ट रत्नप्रभाच्या मनातून काही केल्या जाईना. पोरगी जेवत होती, चष्म्याच्या दुकानात वेळेवर जात होती, आल्यावर दोरीवरचे कपडेही काढत होती. पण जुना सिनेमा लागला तरी तिच्या तोंडून त्याचं साल बाहेर पडत नव्हतं. एरवी पडद्यावर नावं यायच्या आत ती संगीतकार सांगायची, कॅमेरामन सांगायची, नायिकेच्या मैत्रिणीचं काम करणाऱ्या बाईचं माहेरसुद्धा सांगून मोकळी व्हायची. "अगं, बघू दे की मला," म्हणून रत्नप्रभाने तिला हजारदा दटावलं असेल. आता सहा दिवस मधे कोणी बोलत नव्हतं, आणि रत्नप्रभाला एक सिनेमा धड शेवटपर्यंत बघवला नव्हता.

शिवांजली एकोणतीस वर्षांची. आष्ट्यात जन्मली, आष्ट्यातच शिकली, इस्लामपूरला डोळे तपासायचा डिप्लोमा करून तिथल्याच एका चष्म्याच्या दुकानात लागली. गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं की ती फाइल न उघडता त्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर सांगते. लहानपणीही तशीच. एकदा ऐकलं की ऐकलं. पाटीवरचं पुसावं तसं तिच्या डोक्यातलं पुसता येत नाही. या गुणाचं रत्नप्रभाला कौतुक होतं आणि त्रासही. गेल्या वर्षी कडेगावचं स्थळ बघायला आलं, तेव्हा मुलाचे मामा क्रिकेटच्या कुठल्याशा जुन्या सामन्यातल्या एका फलंदाजाबद्दल रंगात येऊन बोलत होते. पोह्यांची बशी पुढे करता करता शिवांजली म्हणाली, "मामा, तो त्या सामन्यात बारावा खेळाडू होता. बॅटिंगला आलाच नव्हता." मामांनी पोहे तसेच ठेवले. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण आमच्याकडं एवढी नको.

रत्नप्रभा स्वतः बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. तरी त्या दिवशी तिने पोरीलाच फैलावर घेतलं होतं.

रविवारी चार वाजता मात्र या पोरीला किंमत होती. टाळेबंदीच्या वर्षात दुकान बंद असताना तिला फोनवर एक गट सापडला, नाव 'आखाडा'. पाटणपासून जतपर्यंतची चाळीसेक माणसं, सगळी सिनेमा, मालिका नाहीतर खेळाची वेडी. सातारचे सयाजीराव हे निवृत्त क्रीडाशिक्षक प्रश्न काढायचे, बाकीचे दोघादोघांच्या जोडीने भिडायचे. कुठल्या मालिकेतल्या सासूच्या मागचं घड्याळ तीन वर्षं सव्वादहाच दाखवत होतं, कुठल्या ऐतिहासिक सिनेमात मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसतो, असले प्रश्न. रत्नप्रभा कपाळाला हात लावायची. "एवढ्या अभ्यासात कलेक्टर झाली असतीस," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि शिवांजलीचं ठरलेलं उत्तर, "कलेक्टरला सव्वादहाचं विचारून बघ."

तिचा जोडीदार बिरदेव हा जतकडचा जवान. कुठल्याशा वाळवंटातल्या चौकीवरून, रेंज मिळाली तर खेळायचा. दोघं एकमेकांना कधी भेटली नव्हती. तरी राखी पौर्णिमेला इथून पाकीट जायचं आणि तिकडून सुक्या मेव्याचा डबा यायचा. वर्षाची अंतिम फेरी जिंकणाऱ्या जोडीने पुढचं वर्षभर प्रश्न काढायचे, असा आखाड्याचा रिवाज होता. शिवांजलीने त्यासाठी एक वहीसुद्धा करून ठेवली होती.

आणि गेल्या रविवारी अंतिम फेरीतच ते झालं. दोन्ही जोड्यांचे गुण सारखे. शेवटचा प्रश्न सयाजीरावांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून काढला होता. अठ्ठ्याहत्तर साली पाटण खोऱ्यातल्या एका यात्रेच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती कोणी जिंकली? गाव ऐकून शिवांजली खुर्चीतच उडाली. ते तिचं आजोळ होतं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "गुंडा आष्टेकर आणि उदयसिंह कडेगावकर. सव्वा तास चालली. अंधार पडला, गॅसबत्त्या आणल्या, तरी कोणाची पाठ लागेना. पंचांनी बरोबरीत सोडवली."

"चूक," सयाजीराव म्हणाले. "उदयसिंह विजयी. घिस्सा डावावर गुंडा चितपट." आणि त्यांनी कात्रणाचा फोटो गटावर टाकला. खाली छापलं होतं, 'आमच्या वार्ताहराकडून'.

"सर, माझ्या आबांनी डोळ्यांनी बघितलीय ती कुस्ती."

मग गटाला ऊत आला. एकाने लिहिलं, आमच्या आज्यानं तर वाघाशी कुस्ती केली होती, त्याचे किती गुण? दुसऱ्याने लिहिलं, गुंडा आष्टेकर आष्ट्याचा, ताई आष्ट्याच्या, गावचा माणूस पडंल कसा? तिसऱ्याने तर मागच्या फेऱ्याच काढल्या, की हिची आधीची उत्तरं तरी कोणी तपासली होती? शिवांजलीने गट सोडला, फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला.

रत्नप्रभाला पहिल्या दिवशी, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं. सुटली एकदाची कटकट. पण सोमवार गेला, मंगळवार गेला, आणि गुरुवारी दुकानाच्या मालकांनीच तिला रस्त्यात गाठलं. "वहिनी, शिवांजलीचं काही बिनसलंय का? प्रत्येक गिऱ्हाइकाची फाइल उघडून बघतेय. दोन-दोनदा."

आज रविवारी सकाळी बिरदेवचा फोन रत्नप्रभाच्या मोबाइलवर आला. आवाज तुटत होता.

"काकू, बिरदेव बोलतोय. ताईंचा फोन लागंना. त्यास्नी सांगा, हरकत नोंदवा म्हणावं. आखाड्याचा नियम हाय, सात दिवसांत हरकत घेता येती. कागद तरी पायजे, न्हाईतर स्वतः बघितलेला जिता माणूस. आज दुपारी बारापर्यंत मुदत हाय."

"बारापर्यंत?"

"व्हय. मी चौकीवरनं काय करू वो? लय भांडलो गटावर. मला म्हणत्यात, तू बंदूक सांभाळ गड्या." "काकू, आमाला हरल्याचं काय न्हाई. पर ताई खोटं बोलत्यात म्हणल्यावर डोस्कं फिरलं."

रत्नप्रभा आत गेली. शिवांजली गहू निवडत होती, खडा दिसेना तरी निवडतच होती.

"बारापर्यंत मुदत आहे म्हणतो बिरदेव. आबांना फोन कर की. त्यांनी बघितलीय ना?"

"केला होता. सोमवारीच."

"मग?"

"म्हणाले, आठवत नाही." शिवांजलीने मान वर केली नाही. "म्हणाले, असली कुस्ती मी कवा बघितली न्हाई, पेपरात आलंय तर तेच खरं आसंल. आई, मला तर गॅसबत्तीची जाळी फुटली तेसुद्धा आठवतंय, त्यांनी सांगितलेलं. म्हणजे मीच रचलं असणार ते, लहानपणी. मग बाकीचं काय काय रचलंय कोणास ठाऊक. काल एका आजींचा नंबर मी तोंडी बरोबर सांगितला, आणि तरी मला वाटलं, हा चुकला तर?"

सहा दिवस तिला वाटत होतं, पोरगी हरल्याने रुसली आहे. पोरीचा स्वतःच्या डोक्यावरचाच भरवसा उडाला होता. आणि तो कोणी उडवला, हे या घरात फक्त रत्नप्रभाला माहीत होतं.

कारण ते कात्रण तिच्या वडिलांनीच लिहिलेलं होतं.

बाळासो म्हणजे तिचे आबा. गावात किराणा दुकान, आणि त्या काळी दाराच्या चौकटीवर 'वार्ताहर' अशी निळी पाटी. त्या पाटीचा मान दुकानापेक्षा मोठा. बातमीचं पाकीट संध्याकाळी सहाच्या एस.टी.ने साताऱ्याला जायचं, ड्रायव्हरच्या हातात. आणि मैदानाची रीत अशी, की पोरांच्या कुस्त्या आधी, पहिल्या नंबरची सगळ्यांत शेवटी, दिवस कलताना. त्या वर्षी सहा वाजले तरी मोठी कुस्ती लागायची होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. उदयसिंह जिंकणार हे अख्खा गाव सकाळपासून बोलत होता, त्याचा घिस्सा मशहूर होता. आबांनी उदयसिंहाच्या विजयाची ओळ भरली, पाकीट दिलं, आणि मैदानात येऊन बसले. पुढचा सव्वा तास त्यांनी कसा काढला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

खुलासा पाठवला असता तर पाटी गेली असती. पाठवला नाही. आईने हे रत्नप्रभाला लग्न ठरल्यावर सांगितलं, कारण सासर आष्टा निघालं होतं. "तिथं कुणाची लेक इचारलं तर नुसतं गाव सांग. आबांचं नाव नको काढू," एवढंच ती म्हणाली होती.

नवी नवरी असताना पिठाच्या गिरणीसमोर रत्नप्रभाने गुंडा आष्टेकरांना बघितलं. कान मोडलेला, खांदे पडलेला, वयाआधीच म्हातारा झालेला माणूस. कोणी पोराने चिडवलं, की ते शांतपणे म्हणायचे, "मला उदयसिंगानं न्हाई पाडलं रं. पेपरानं पाडलं." लोक हसायचे. त्या कुस्तीनंतर मोठ्या मैदानांची बोलावणी थांबली, असं गिरणीवाला सांगत होता. रत्नप्रभाने डबा उचलला आणि खाली मान घालून घरी आली. पुढे तीस वर्षं मान खालीच. म्हातारा गेला तेव्हाही ती भेटायला गेली नाही.

आबा मात्र नातीला ती कुस्ती सांगायचे. मांडीवर घेऊन, दरवेळी खरी, गॅसबत्तीच्या फुटलेल्या जाळीसकट. दुसऱ्या कोणापाशी बोलता येत नव्हतं म्हणून चार वर्षांच्या पोरीपाशी बोलत असतील. रत्नप्रभाने एकदाच विषय काढला होता, "आबा, एक ओळ छापून आणा की आता तरी." आबा भिंतीकडे तोंड करून झोपले, रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून तिनेही सोडून दिलं. म्हातारा माणूस, कशाला दुखवा, असं म्हणत म्हणत.

आता तिला राग आला. आखाड्यातल्या त्या टवाळांचा आला, कागदापलीकडे न बघणाऱ्या सयाजीरावांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. कलेक्टर झाली असतीस म्हणून पोरीला इतकी वर्षं टोचत होती, आणि पोरगी आयुष्यात एकदा, चाळीस माणसांसमोर, एकटी खरं बोलली तेव्हा ही बी.ए. झालेली बाई कुकरच्या शिट्या मोजत होती.

पावणेदहा झाले होते. आबा आता दुकानाच्या ओट्यावर पेपर उघडून बसले असतील. ब्याऐंशी वर्षं, गुडघा गेलेला, डोकं मात्र शाबूत. आठवत नाही म्हणे.

"शिवा, ते गहू राहू दे. इकडं ये, माझ्याजवळ बस."

"कशाला?"

"बस म्हटलं ना. आणि तुझा फोन चालू कर, सयाजीरावांचा नंबर लागेल."

रत्नप्रभाने आपल्या मोबाइलवर आबांचं नाव काढलं. दरवेळी ती आधी गुडघ्याचं विचारायची. गुडघा एकदा सुरू झाला की तेल, मालिश, सातारचा डॉक्टर यांतच बोलणं संपायचं, आणि दोघांनाही ते बरं पडायचं. आज गुडघा विचारायचा नाही, असं तिने ठरवलं. पहिलं वाक्य ड्रायव्हरच्या हॉर्नचंच. तिने स्पीकर चालू केला, मोबाइल दोघींच्या मधे सुपाशेजारी ठेवला आणि हिरव्या बटणावर बोट टेकलं.