थोरलं, धाकटं आणि आत्याचं नाक

आमच्या डेअरीत दोनच प्रकारचं चीज होतं, आणि ते दोन्ही इतकं सारखं की नवा माणूस दोन्हींचा तुकडा खाऊन हमखास विचारतो, "मग फरक काय?" रंग तोच, फिका पिवळा. दूध एकाच टाकीतलं. दूध गोठलं की त्याचे तुकडे करायचे, इथवर सगळं सारखंच. मग एका हौदात थंड पाणी ओतून ते तुकडे धुतात, दुसऱ्या हौदात पाण्याचा थेंब पडू देत नाहीत. धुतलेलं मऊ आणि किंचित गोडसर होतं. न धुतलेलं जरा करकरीत, आंबटसर. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं आहेत, पण आम्ही सगळे करकरीत असेल त्याला थोरलं म्हणतो आणि मऊ असेल त्याला धाकटं.

खरं सांगायचं तर मला त्यांतला फरक कळत नाही. चार वर्षं डेअरीच्या दुकानात काउंटरला उभी आहे, तारेने चीज कापते, "पोरांसाठी धाकटं न्या हो, थोरलं जरा कडक लागतं" असं ठासून सांगते. उचलली जीभ लावली टाळ्याला. फरक कळायचा तो माझ्या आत्याला.

आत्या डेअरीत चीज चाखायची. सव्वीस वर्षं. कामगार तिला चवबाई म्हणत, आणि जरा लांब गेली की म्हणत, "आल्या नाकाने कांदे सोलायला." मी नोकरीला लागल्यापासून तिच्याकडेच राहते, त्यामुळे तिचे सगळे नखरे मला पाठ. चाखायच्या दिवशी सकाळपासून ती बोलत नसे. कोमट पाणी आणि पावाचा एक कोरडा तुकडा, एवढंच पोटात. साबणसुद्धा बिनवासाचा. मी चहा केला तर मला गॅलरीत पिटाळायची, तेही खुणेने.

चीज ठेवायची खोली अर्धा जिना उतरून खाली होती. तिथे वर्षभर एकाच महिन्याची हवा असायची. छताजवळच्या काचेतून येणारा उजेड फळ्यांवरच्या गोल चकत्यांवर हळूहळू सरकायचा, आणि आत गेलेला माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. आत्या पोकळ सळी चकतीत खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, आतून आलेली चीजची कांडी नाकाखालून न्यायची, टोकाची चिमूट जिभेवर ठेवायची आणि उरलेली कांडी परत त्याच भोकात बसवून अंगठ्याने लिंपायची. "भोक उघडं ठेवलं की चीज रुसतं," असं ती म्हणे.

मग ती डोळे मिटून उभी राहायची आणि तिला काहीबाही दिसायचं. साहेबांनी तिला तक्ता दिला होता, आंबटपणा किती, मऊपणा किती, दहापैकी गुण लिहा म्हणून. ती सगळीकडे पाच लिहायची आणि आम्हाला सांगायची, "या धाकट्यात ना, दुपारची शाळा आहे. पोरं घरी गेलीत, बाकं तेवढी आहेत." किंवा, "हे थोरलं म्हणजे कुणीतरी अंगणात लाकडं रचतंय." मी हसायचे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ती बाकं खरंच दिसायची.

थंडीत आत्याला ताप आला. आठ दिवसांनी उतरला. एका सकाळी मी अंघोळ करून आले तर स्वयंपाकघरात धूर, दूध करपून पातेलं काळं झालेलं, आणि आत्या शेगडीपासून दोन हातांवर बसून शांतपणे शर्टाला बटण शिवत होती.

"अगं, वास नाही आला तुला?"

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," म्हणाली, "पंधरा दिवस झाले. कशाचाच येत नाही. चवही गेली. खूप खारट, खूप गोड असेल तर तेवढं कळतं, बाकी सगळं सारखंच."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. आत्याने डेअरीत ताकास तूर लागू दिली नाही. प्रत्येक चकतीला कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असे, थोरलं की धाकटं ते तीवर लिहिलेलं. आत्या सळी खुपसायची, नाकाशी न्यायची, चिठ्ठी वाचायची, मान हलवायची. दिसलं काय ते मनानेच रचून सांगायची. खरं सांगितलं असतं तर तिची बदली वर पॅकिंगला झाली असती हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिथे ट्यूबलाइट, रेडिओ आणि चिकटपट्टीची करकर. पगार तोच. पण आत्या जगत होती ती त्या खालच्या खोलीत. घरी नुसती झोपायला यायची.

आणि मग एका रविवारी खोलीत ओल सोडणारं मशीन बिघडलं. दिवसभर वाफ कोंडली. सोमवारी दार उघडलं तर बत्तीस चकत्यांच्या चिठ्ठ्या भिजून, गळून खाली पडलेल्या, शाई पसरलेली.

साहेब जराही घाबरले नाहीत. "बाई आहेत ना," म्हणाले.

मी ट्रे न्यायच्या निमित्ताने खाली गेले. आत्याने एकेक चकती घेतली, घाई न करता. सळी, नाक, चिमूट, अंगठा. दर वेळी डोळे मिटले. शेवटी म्हणाली, "या डावीकडच्या सोळा थोरल्या, त्या उजवीकडच्या धाकट्या." नव्या चिठ्ठ्या बांधल्या गेल्या.

घरी येताना मी विचारलं, "काय दिसलं गं?"

"भिंत."

"मग सांगितलंस कशावरून?"

"थोडं अंगठ्यावरून. बाकी अंदाजपंचे."

ते चीज विकायला लागलो. आत्या रोज संध्याकाळी विचारायची, "कोणी काही म्हणालं?" मी म्हणायचे, "नाही." शाळेच्या खानावळीने नेलं, बेकरीवाल्याने नेलं, एका बाईने तर "यंदा धाकटं फार छान जमलंय" असं म्हणत दोनदा नेलं. पहिल्या पंधरा दिवसांत दोघींच्या जिवात जीव आला. मग हळूहळू आत्याचा चेहरा उतरत गेला.

"एक तर माझा अंदाज बरोबर आला," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "नाहीतर मला दिसायचं ते सगळं माझ्याच डोक्यात होतं. दोन्ही एकच होतं. सव्वीस वर्षं."

"गाढवाला गुळाची चव काय," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला गाढव म्हणू नये. गाढव मीच असेन."

मला फार वाईट वाटलं. तेव्हा मी स्वतः दोन्ही तुकडे घरी आणून रात्रभर चघळले, पण देवाशपथ, मला काही कळलं नाही.

दोन दुकानं सोडून एक घड्याळजी बसतात. दर मंगळवारी पाव किलो धाकटं नेतात, एकच अखंड तुकडा. रोज दुपारी दुकानाचं दार लोटून घेतात, पावाबरोबर ते खातात आणि खुर्चीतच तासभर झोपतात. त्या वेळी त्यांच्याकडे गेलं तर शिव्या खाव्या लागतात. ते एका बुधवारी भर दुपारी आले. हातात उघडा कागद, त्यात दोन-चार घास तोडलेला तुकडा.

"हे थोरलं आहे," ते म्हणाले.

"लेबल बघा ना, धाकटंच आहे."

"लेबल मी खात नाही."

आवाज चढला तसे साहेब बाहेर आले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की आजोबा, आमच्या बाईंनी स्वतः चाखलंय, बाईंची जीभ कधी चुकत नाही. वय झालं की चव बदलते. घड्याळजींचे कान लाल झाले. "वय माझं झालंय, जिभेचं नाही," एवढंच म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली.

साहेबांनी आत्याला बोलावलं. "बाई, यांना एकदा सांगून टाका."

आत्याने तुकडा उचलला, सवयीने नाकाशी नेला, खाली ठेवला. तिने "धाकटंच आहे" म्हटलं की विषय संपत होता. मी काउंटरमागून डोळ्यांनी तिला तेच सांगत होते: म्हण बाई एकदाचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आत्याने घड्याळजींना विचारलं, "कशावरून म्हणता?"

"कशावरून म्हणजे? धाकटं गिळलं की जीभ गप्प बसते. हे गिळलं तरी जीभ जागीच. काहीतरी मागतच राहते. काल मला डुलकी लागली नाही, आजही नाही. बावीस वर्षांत असं झालेलं नाही."

आत्या हसायला लागली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"साहेब, हे बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मला थंडीपासून वास येत नाही. मी अंदाजाने सांगितलं होतं."

साहेब तो तुकडा परत कागदात गुंडाळू लागले. मग म्हणाले, "सोमवारपासून पॅकिंगला या," आणि आत निघून गेले. मला आत्याचा इतका राग आला की हातातली तार मी आपटली. आणि त्याच क्षणी, तिच्याइतकं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही असंही वाटलं.

आत्या मात्र काउंटरच्या आत आली. तळाच्या फळीवर मशीन बिघडायच्या आधीच दुकानात आणलेली धाकट्याची एक जुनी चकती होती, पहिली चिठ्ठी शाबूत असलेली. "याचा एक काप," तिने मला सांगितलं. मी कापला. तिने तो घड्याळजींपुढे धरला.

"खा. आणि मला सांगा."

"काय सांगू?"

"काय होतं ते."

घड्याळजी ओशाळले. दाराकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग काप तोंडात टाकला. आत्याने डोळे मिटले. दुकानात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आता कसं सांगावं," ते म्हणाले. "पंखा बंद केला तरी पाती थोडा वेळ फिरत राहतात ना? वारा येत नाही, आवाज येत नाही, पण फिरतात. तसं काहीतरी."

"अजून सांगा," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

घड्याळजींनी माझ्यापुढे हात केला आणि मी त्यांना दुसरा काप दिला.