धोंड्याचं न आलेलं आवतण

मी खादाड होतो, हे आधीच सांगून टाकतो. काही माणसं कमी खाऊनही जाड असतात, आणि त्यांच्याबद्दल डॉक्टर तसं समजावून सांगतात. माझ्या बाबतीत डॉक्टरांना तेवढी तसदी घ्यावी लागली नाही. एकशे एकतीस किलो वजन मी स्वतःच्या हातानं, घास घास करून कमावलं होतं.

या खादाडपणाला सगळे हसायचे. कौतुक एकाच माणसाला होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्यांना मी मामी म्हणतो. बदनापूरच्या अलीकडं एका खेड्यात मुलगा-सुनेसोबत राहतात. मामी जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, हे त्यांनी त्यांच्या आईकडून घेतलेलं. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी त्यांनी माझ्याशी एक वाक्य सरळ बोललेलं मला आठवत नाही. काय विचारायचं ते माझ्या बायकोमार्फत, तेही मी जेवायला बसल्यावर, दाराआडून.

"त्यायला विचार गं, अजून भाकर टाकू का?"

मी बायकोकडं बघून म्हणायचो, "टाका म्हणावं."

आमचं बोलणं एवढंच, पण ते सातव्या भाकरीपर्यंत चालायचं. आणि त्यात सगळं यायचं. कंपनीत साहेबाशी वाजलेलं असलं की मी चौथ्या भाकरीवर थांबायचो. मग आतून न विचारताच गरम पिठलं यायचं, वर कच्च्या तेलाची धार सोडून. ते खाल्लं की पाचवी भाकर आपोआप जायची. मामी दाराआडून बघायच्या आणि त्यांचं समाधान व्हायचं. मला वाटतं, माझ्या मनातलं त्या माझ्या ताटावरून वाचायच्या.

आमच्याकडं अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो. लेक-जावयाला आवतण द्यायचं, पाय धुवायचे, नवे कपडे करायचे आणि पुरण भरलेले धोंडे जेवू घालायचे. मागच्या खेपेला मी एकोणीस धोंडे खाल्ले होते. तूप वेगळंच. मामींनी हा आकडा गावात असा पोहोचवला, की पुढं कितीतरी दिवस मी बसस्टँडवर उतरलो की अनोळखी म्हातारेसुद्धा हात वर करून विचारायचे, "काय पाव्हणं, एकोणीस का?"

मग वजन उतरवायचं ऑपरेशन झालं. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत गोदाम सांभाळतो. घरचा काटा एकशे वीसलाच संपायचा, म्हणून मी दुपारी कुणी नाही असं बघून पोत्यांच्या काट्यावर चढायचो. एकदा हमालानं पाहिलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही, त्यानं तोंड फिरवलं. त्याआधी शुगर होती, झोपेत श्वास अडकायचा, गुडघे गेले होते, आणि बायको दोन वर्षं मागं लागली होती. पण मी तयार झालो तो त्या फिरवलेल्या तोंडामुळं.

संभाजीनगरला ऑपरेशन केलं. पोटाची पिशवी कापून केळाएवढी ठेवली. घरी आल्यावर औषधाच्या मापाच्या टोपणातून वरणाचं पाणी घ्यायचं, तेही घोट घोट. मुलगी चौदा वर्षांची, तिनं मोबाइलवर गजर लावलेले. बायको फडक्यातून वरण गाळायची. पाचव्या दिवशी मी ती वाटी हातानं ढकलून दिली. चादरीवर पिवळा डाग पडला. "माणसासारखं जेवायला दे मला," असं ओरडलो. ओरडल्यावर पोटाचे टाके दुखले, म्हणून आणखी राग आला.

बायकोनं चादर बदलली. मग म्हणाली, "मलाबी राग येतो. पण आधी तुमचा संपू द्या, मंग मी रागावते. दोघांनी एकदम नको."

नंतर लक्षात आलं, की घरात फोडणीचा वासच येत नाही. ह्या दोघी स्वयंपाकघराचं दार लावून दहीभात खात होत्या, मला वास लागू नये म्हणून. मी म्हटलं, "पोट माझं कापलंय, तुमचं न्हाई. बाहेर बसा आन् नीट जेवा." त्या दिवसापासून मुलगी माझ्या शेजारी ताट घेऊन बसायला लागली. पुढं मऊ खिचडी सुरू झाली, तेव्हा ती माझं चावणं मोजायची. पंचवीसच्या आत गिळलं तर मांडीला चिमटा काढायची.

मामी मला बघायला आल्या त्या आठव्या दिवशी. डिंकाचे लाडू घेऊन. त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि दारापाशी उभ्या राहिल्या. बायको म्हणाली, "आई, हे त्यायला न्हाई चालायचं. लई दिवस न्हाई चालायचं." मामींनी माझ्या हातातलं ते औषधाचं टोपण पाहिलं. डब्याचं झाकण लावलं आणि आत गेल्या.

दुपारी कंपनीतली चार जणं भेटायला आली. माणसं दिसली की माझी जीभ सैल सुटते. कुणीतरी विचारलं, "एवढं वजन वाढलं तरी कसं?" मी म्हणालो, "माझी काय चूक? सासूबाईंनी खाऊ घालून घालून वाढवलं. अर्धं ऑपरेशन त्यांच्याच नावावर लिहा." सगळे खो खो हसले. मीही पोट धरून हसलो, कारण न धरता हसता येत नव्हतं.

मामी आठ दिवस राहणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेतात काम निघालं म्हणून गेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर डबा बंद झाला. आधी आठ-पंधरा दिवसांनी बदनापूरहून नोकरीला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्यांचा डबा यायचा. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, कधी वांगं. आता काहीच येईना. बरोबरच आहे, मी खाऊ शकत नाही तर पाठवतील कशाला, असं मी धरून चाललो. माझं वजन उतरत होतं. आमच्या मस्तगड भागातले दुकानदार दबक्या आवाजात बायकोला विचारायचे, साहेबांना नेमकं काय झालंय. मी नव्या पॅन्टी शिवायला टाकल्या. स्वतःवरच खूश होतो.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि मला धास्ती बसली. गोड मला बाधत होतं. एकदा कुणाच्या तरी बढतीचा अख्खा पेढा खाल्ला, तर घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं, आणि सोयाबीनच्या पोत्यांवर अर्धा तास आडवा पडून होतो. आता मामींसमोर काय करायचं? एक धोंडा खाऊन उठलो तर त्या बाईला काय वाटेल? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी वरण खा, मग एखाद-दुसरा लहान घास चालेल. मी मनातल्या मनात सबबी जुळवायला लागलो.

आवतण आलंच नाही. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, आई म्हणती, यंदा तुम्हाला तरास नको. कपडे आन् वाण पाठवून देतो."

खरं तर मी सुटलो होतो. पण मला संताप आला. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. जावयाला कपडे पार्सल करतात का? मी दोन दिवस घरात धुसफुसलो. तिसऱ्या दिवशी बायकोचा धीर सुटला आणि तिनं हातातलं पोळपाट खाली ठेवलं.

"तुम्ही त्या दिवशी बोलले ते आईनं ऐकलं."

"काय बोललो?"

"अर्धं ऑपरेशन तिच्या नावावर लिहा म्हणले. ती तिथंच होती, आत, ओट्यापशी."

"अगं, गंमत होती ती."

"तिला कसं कळावं गंमत हाय म्हणून? तुम्ही तिच्यासंग कधी बोलले का?"

बायको पुढं म्हणाली, की भाऊ सांगतो, त्या दिवसापासून आई कोणालाच आग्रह करत नाही. पाहुणा आला तरी एकदा वाढते आणि आत जाऊन बसते. नातवंडानं अजून मागितलं तरी विचारते, "पुरं न्हाई का बाबा? बाधंल."

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. एवढी, की हमालानं तोंड फिरवलं होतं तेव्हाही वाटली नव्हती. ज्या बाईनं मला कधी दुखवलं नाही, तिचा हातच मी एका वाक्यात बांधून टाकला होता, आणि वर सात महिने नव्या पॅन्टी घालून मिरवत होतो.

बियाण्याचा हंगाम तोंडावर, कंपनीत सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. तरी रविवार मागून घेतला. आवतण नसताना धोंडे जेवायला जाणारा जावई मी तरी पाहिला नव्हता. मुलीला क्लास होता. बायकोला मागं बसवलं आणि मोटारसायकल काढली.

मामी ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. मला बघून पदर सावरत उठल्या, आणि बायकोला म्हणाल्या, "अगं, फोन तरी करायचा. मी काहीच केलं न्हाई."

मी बायकोकडं न बघता म्हणालो, "मामी, मी धोंडे जेवायला आलोय."

त्या दचकल्या. माझ्याकडं नाही, माझ्या चपलांकडं बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. थोड्या वेळानं डाळ धुतल्याचा आवाज आला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुपारी पान वाढलं. मामींनी पाय धुतले, कुंकू लावलं. ताट तेच, जावयाचं मोठं. त्यात एक वाटी घट्ट वरण आणि लिंबाएवढा एकच धोंडा, आणि बाकी सगळं ताट रिकामं. बघून मलाच कसंतरी झालं. आधी मी वरण खाल्लं, चमच्या-चमच्यानं. मग धोंड्याचा कोपरा मोडला, आणि चावत राहिलो.

मी आधी दहा मिनिटांत जेवून हात धुवायचो. आता अर्धा-पाऊण तास लागतो. मामी सवयीनं दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात तुपाची वाटी. वाढायला काही नव्हतं. त्या वाटी या हातातून त्या हातात घेत होत्या. बायको मुद्दामच आत निघून गेली असावी.

"बसा ना मामी," मी म्हणालो. "मला अजून लई वेळ लागंल."

त्या उंबऱ्याला टेकून बसल्या. मग वाटीकडं बघतच त्यांनी मला विचारलं, बायकोमार्फत नाही, मलाच.

"माझ्या हातानंच झालं का हे?"

"न्हाई मामी. मी जे बोललो ते फालतू बोललो. चार लोकांना हसवायला बोललो. चुकलं माझं."

"मला वाटलं, मी घास न्हाई, ईख वाढीत गेल्ते तुम्हाला. इतके वर्षं."

"तुमच्याकडं मी वर्षातून चार वेळा येतो. बाकीचे दिवस एमआयडीसीच्या गेटवर रोज दोन प्लेट भजे खायचो. ते काय तुम्ही पाठवीत होत्या का?"

त्यांना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू दिसलंच. मग म्हणाल्या, "मला वाढण्याबिगर दुसरं काही येत न्हाई, जावईबापू. आता तुम्ही आले की मी काय करू?"

"मला विचारा, कसा हाय म्हणून."

"कसे हाव?"

हा प्रश्न मला सात महिन्यांत गल्लीपासून कंपनीपर्यंत सगळ्यांनी विचारला होता, आणि मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: एकदम मस्त, तरुण झालो. बायकोनं माझ्यासाठी एवढं केलं होतं, की तिच्यापुढं तर कुरकुर करायचं तोंडच नव्हतं. पण मामींपुढं माझ्या तोंडून खरं निघालं.

"बरा हाय, मामी. शुगर गेली, झोप लागती, जिना चढतो. पण मला आता भूक लागत न्हाई. घड्याळ बघून जेवतो. पहिल्यासारखी कडकडून भूक लागून तुमच्या पानावर बसायचो ना, तिची लई आठवण येती."

डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी मान खाली घातली आणि तोंडातला घास चावत राहिलो. मामींनी तुपाची वाटी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर मागं सरकला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"मलाबी येती," त्या म्हणाल्या. "तुमच्या भुकेची."