न दाखवलेला शेवट

आमच्या घरात हे कुणालाच ठावं न्हाई. आईला तर न्हाईच — ती अजून दाजींच्या नावानं बोटं मोडती. तुला सांगतो गड्या, पर मधी बोलू नगस.

अक्का, माजी थोरली भन, विहिरीत पडून गेली. पाय घसरला. पायरीवरचं शेवाळ समद्यांनी बघितलं. आन तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आदीच दाजींनी मेढ्याची पोरगी पसंत केली! तळपायाची आग मस्तकाला गेली माज्या. वरीसभर दम निघंना? माजी अक्का काय जुनी चप्पल व्हती?

तवा कडेगावात आमी वाचनालयात रविवारी दुपारी पडदा लावून जुनं सिनेमं दाखवायचो. त्या रविवारी फ्रान्सचा, महायुद्ध संपल्यावरचा, खुनाचा काळापांढरा सिनेमा व्हता. खाली इंग्रजी अक्षरं — कोण वाचणार? म्हणून मी माइक घिऊन मराठीत सांगायचो. मी सांगीन ते लोकास्नी खरं. दाजी पुढंच बसलेलं, शेजारी मेढ्याचं व्हणारं सासरं.

सिनेमात एका डाक्टरची बायको नदीत बुडाल्याचं नुसतं बोलण्यात येतं, संशय नवऱ्यावर. मी — कसं सांगू — मी नदीची विहीर केली. दाजींचं एक पालुपद हाय, "बघू की, काय घाई हाय?" ते त्या फ्रेंच नवऱ्याच्या तोंडी घातलं. परत परत घातलं. माणसं वळून दाजींकडं बघाय लागली. मला ग्वाड वाटत व्हतं, खोटं कशाला बोलू?

खुनी दुसराच निघतो, अगदी शेवटी. त्याच्या आदीच मी वायर काढली. म्हनलं, मशीन बिघडलं.

सोयरीक मोडली. दाजी टपरीवर आले की माणसं उठून जायाची. मग एक दिस ते आमच्या दारात आले.

"पाव्हणं, ती गेली तवा मी सांगलीत तुमच्यासंगट व्हतो. सांगा की लोकास्नी."

व्हय, व्हते. हळदीच्या सौद्याला, माज्या मांडीला मांडी लावून. ह्ये मला पयल्यापास्नं ठावं व्हतं.

"दाजी, त्यो सिनेमा व्हता," मी म्हनलो.

आज ते म्हाबळेश्वरात टॅक्सी चालवत्यात, एकटंच ऱ्हात्यात. मी अजून गावात तोंड उघडलं न्हाई. त्या दिशी ते पाठमोरं झालं, तसा मी आत जाऊन ताटावर बसलो — आन अक्का गेल्यापास्नं पयल्यांदा पोटभर जेवलो.