लिलावाच्या ओट्यावरची चॅम्पियन

भावना सिरसाट राज्याची टेनिस चॅम्पियन होती, असं अकोल्यात कोणाले सांगतलं का तो आधी तिच्या चालण्याकडे पाहते अन् मंग हसते. असं डोकं फिरते ना माहं! मी वर्षाली, तिची डबल्सची पार्टनर. म्हणजे नावाची पार्टनर. खेळ सारा तिचा, मी आपली बाजूले उभी. आता ती एका शाळेत पी.टी. शिकवते, मी त्याच गल्लीत फुलांचे हार विकते. म्हणून तिचं सारं मले मालूम हाय.

तिचे बाबा पुंजाजी अमरावतीत साहेबलोकांच्या एका क्लबात कोर्ट सांभाळायचे. तवाचं कोर्ट मातीचं. पुंजाजी अन् तिची माय ललिताबाई पहाटेच ते शेणामातीनं सारवायचे, रोलर फिरवायचे, चुन्याच्या रेघा मारायचे. साहेब यायच्या आधी भावना खेळून घ्यायची. सारवलेल्या कोर्टावर बॉल बसका येते, वर चढतच नाही. ती अशी वाकून मारायची का समोरची पोट्टी नुसती पाहत राहायची. इकडे आपल्या भागात तिले कोणी हरवलंच नाही.

मंग आमी पुण्याले गेलो. तिथं सिमेंटचं कोर्ट. टप्पा पडला का बॉल थेट खांद्याशी! पहिल्याच मॅचमध्ये भावना हारली, अन् अशी हारली का मले पाहवलं नाही. परतताना रेल्वेत पुंजाजी तिची रॅकेट मांडीवर घेऊन बसले. बडनेरा आलं तवा म्हणाले, "पोट्टीत काही कमी नाही. आपली जमीनच नरम हाय."

त्याच्यावर त्यांनी जो इलाज शोधला, तो दुसऱ्या कोणाले सुचला नसता. बाजार समितीतला लिलावाचा ओटा! लांबलचक, सिमेंटचा, वर टिनाचं शेड. दुपारी तुरीचे ढीग उचलले का मोकळा. हमालांशी पुंजाजींची दोस्ती. ते झाडून द्यायचे, दोन खांबांले दोरी बांधली का झालं नेट. भावनाच्या पायात पातळ तळाचे कापडी बूट. पुंजाजी वरडायचे, "उडी घे, उडी! वरच्या वर मार!" ती उडी घ्यायची अन् सिमेंटावर आदळायची. वाढीचं सारं वय तिनं तिथंच काढलं. मलेही बोलावलं होतं, पण मी दोन दिवसात पळाली. आळशी होती म्हणून वाचली.

अन् जिंकली ना बाप्पा ती! पुण्यातच, त्याच कोर्टावर, महिलांमध्ये राज्यात पहिली. पुंजाजींनी हमालांले जिलेबी वाटली.

सालभरात तिचे गुडघे गेले. दोन्ही. नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं, लहानपणी खेळायची कुठं? भावनानं सांगतलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या कवळ्या वयात सिमेंटावर उड्या मारल्या तर गुडघ्यातली गादी राहीन कशी? झिजली सारी, आता खेळ बंद. मी तिच्या बाजूलेच होती. बाहेर बाकड्यावर पुंजाजी तिची रॅकेट धरून बसले होते. भावना त्यांच्या समोर गेली अन् म्हणाली, "बाबा, माहे गुडघे जन्मापासूनच कमजोर होते म्हणे."

पुंजाजी ढसढसा रडले. मंग डोळे पुसून म्हणाले, "तुह्या मायकडचं हाड हाय ते. तरी म्या चॅम्पियन बनवली!"

पुढे तेच त्यांचं जगणं झालं. क्लबानं कोर्ट उखडून लग्नाचं लॉन केलं, पुंजाजींचं काम गेलं, ललिताबाई वारल्या. तरी चहाच्या टपरीवर कोणी भेटलं का हेच सुरू: कमजोर हाडाची पोरगी अन् ओट्यावर घडवली! भावना समोर बसून ऐकायची. दुसरं काय करन ती?

यंदा दिवाळीनंतर तिच्या भावाचा, नागसेनचा, अमरावतीहून फोन आला. त्याची पोरगी दीक्षा, अकरा वर्षांची, मस्त खेळून राहिली म्हणे. शाळा सुटली का पुंजाजी तिले ओट्यावर नेतात. "गुडघा थोडासा सुजते तिचा, बाबा हळद लावून देतात." भावनाचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आमी दोघी अमरावतीले गेलो.

ओट्यावर दीक्षा खेळून राहिली होती. माय वो! मले लहानपणची भावनाच दिसली. पुंजाजी पार वाकले होते, तरी वरडणं तेच, "उडी घे!"

"बाबा, बंद करा हे," भावना म्हणाली.

"काहून? हिचं हाड मजबूत हाय. तुह्यासारखं नाही."

"माहं बी मजबूतच होतं, बाबा." तिनं ओट्याकडे बोट दाखवलं. "ह्या सिमेंटानं गेले माहे गुडघे. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं. मी तुमाले खोटं बोलली."

हमाल पोती खाली ठेवून पाहू लागले. पुंजाजी माह्याकडे वळले. "वर्षाली, खरं हाय हे?"

आता काय करावं माणसानं? मी हो म्हणून मान हलवली.

ते ओट्याच्या कडेवर बसले. म्हणाले, "मंग इतके साल मले फुशारकी काहून मारू देल्ली वं? तुह्या देखत सांगत फिरलो मी. तुले दुखत असन, तवा बी सांगत होतो." भावनानं रडत रडत त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

तवापासून पुंजाजी घराबाहेर पडले नाही. कोणाशी बोलत नाही, ताटातलं अर्धं तसंच. भावना दर रविवारी जाते. तिचा पाय घासत येण्याचा आवाज ऐकला का ते भिंतीकडे तोंड करून घेतात.

गेल्या रविवारी मीही सोबत होती. दीक्षा उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "आत्या, माहा गुडघा आता नाही दुखत. मंग मी खेळू कुठं?"

क्लब राहिला नाही, ओटा बंद केला. शहरात झालेल्या नव्या कोर्टांवर आमच्या पोरींले कोण घेते? भावना तिच्याजवळ बसाले गेली, पण तिले खाली बसणं जमत नाही. चौकट धरून ती तशीच अर्धी वाकलेली राहिली.

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत पुंजाजी पहिल्यांदा बोलले. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "दीक्षा, खुर्ची दे तिले."

दीक्षानं खुर्ची आणली. भावना बसली. पोट्टी तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, कुठं खेळू ते ऐकाले.